युद्धकाळातील नागरिक : वडोदरा शहराच्या निमित्ताने काही विचार

युद्ध हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे सीमेवर उभा असलेला जवान येतो. हे स्वाभाविक आहे आणि जवानाच्या वाट्याला येणारा मान सर्वथा योग्यच आहे. परंतु विसाव्या शतकात विमान आले, त्याबरोबर सीमा आणि घर यांमधील अंतर फार कमी झाले. रणभूमीपासून शेकडो मैल दूर असलेले शहर, त्यातील पाणीपुरवठा, वीजकेंद्र, तेलाच्या टाक्या, रेल्वेचा फाटा, ही सर्व लक्ष्ये होऊ लागली. त्यामुळे ज्याच्या हाती शस्त्र नाही, अशा माणसाने युद्धकाळात काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न लष्कराइतकाच ग्रामपंचायत, शाळा, कारखाना आणि नगरपालिका यांचाही झाला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वडोदरा शहराच्या आधारे करावयाचा आहे. हे शहर शेजारच्या राज्यात असले तरी मराठी वाचकाला परके नाही. शिवाय नागरिक घडविण्याचे जितके जाणीवपूर्वक प्रयत्न या संस्थानात झाले, तितके त्या काळी फार थोड्या ठिकाणी झाले.

प्रथम ‘नागरिक’ या शब्दाचा युद्धाच्या संदर्भातील अर्थ पाहू. दैनंदिन व्यवहारात नागरिक म्हणजे देशाचा सभासद. युद्धविषयक कायद्यात मात्र जो सैन्याचा घटक नाही आणि लढाईत प्रत्यक्ष भाग घेत नाही, तो नागरिक. जखमी सैनिक, बुडालेल्या जहाजांवरील खलाशी आणि युद्धकैदी यांच्याविषयीचे करार पूर्वीपासून होते. दुसऱ्या महायुद्धात शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाल्यावर 12 ऑगस्ट 1949 रोजी जिनिव्हा येथे चार करार संमत झाले, त्यांतील चौथा संपूर्णपणे नागरिकांच्या संरक्षणासाठी आहे. भारताने ते स्वीकारून 1960 साली त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. पुढे 1977 साली या करारांना जे पूरक मसुदे जोडण्यात आले, त्यांवर भारताने सही केलेली नाही. परंतु त्यांतील नागरी संरक्षणाचे चिन्ह, म्हणजे नारिंगी पार्श्वभूमीवरील निळा त्रिकोण, आपल्याकडेही परिचित आहे.

या कायद्यातील एक तत्त्व शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नीट उलगडून सांगण्यासारखे आहे. नागरिकाला जे संरक्षण मिळते, ते तो लढत नाही म्हणून मिळते. त्याने लढाईत प्रत्यक्ष भाग घेतला की तेवढ्या काळापुरते ते संरक्षण उरत नाही. नागरी संरक्षणाचा स्वयंसेवक बंदूक घेऊन फिरत नाही, त्याच्या हाती शिडी, दोर, स्ट्रेचर आणि वाळूची बादली असते. याचे कारण साधनांची टंचाई हे नसून, त्याचे कामच वेगळे आहे. जोशाच्या भरात हा भेद पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातील विमानतळांजवळ रात्री शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरविण्यात आले होते. त्यांतील बहुतेक जण पकडले गेले आणि त्यात गावकऱ्यांचा मोठा वाटा होता. शेतात अनोळखी माणूस दिसताच खबर देणे आणि त्याचा ठावठिकाणा सांगणे हे नागरिकाचे खरे बळ होय. त्याच्या अंगावर धावून जाणे हे पोलिसांचे व सैन्याचे काम आहे.

आपल्या संविधानात 42व्या घटनादुरुस्तीने 1976 साली मूलभूत कर्तव्ये समाविष्ट करण्यात आली. आवाहन झाल्यास देशाचे रक्षण करणे व राष्ट्रसेवा बजावणे हे त्यांपैकी एक आहे. हे कर्तव्य केवळ कागदावर राहू नये म्हणून ज्या यंत्रणा उभ्या आहेत, त्यांत गृहरक्षक दल आणि नागरी संरक्षण दल या प्रमुख होत. गृहरक्षक दलाची स्थापना 6 डिसेंबर 1946 रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात झाली. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. दलासाठी 1947 साली कायदा झाला. बडोदे संस्थान त्या वेळी वेगळे होते. 1 मे 1949 रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबईच्या इतर कायद्यांबरोबर हाही कायदा तेथे पोहोचला. 1960 साली गुजरात राज्य वेगळे झाल्यावरही गृहरक्षक दलाची बैठक त्याच मुंबईच्या कायद्यावर राहिली. नागरी संरक्षणाचा अधिनियम 1968 सालचा आहे. त्याचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरात असून तिचा आरंभ 29 एप्रिल 1957 रोजी झाला. अनेक वाचकांना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नमूद केले.

आता वडोदऱ्याकडे वळू. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग येथे दुभंगतो, एक फाटा अहमदाबादकडे आणि दुसरा दिल्लीकडे जातो. शहरालगत कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्याचा पाया 1963 साली पंडित नेहरूंच्या हस्ते घातला गेला. त्याच परिसरात खताचा आणि पेट्रोरसायनांचा कारखाना उभा राहिला. लष्कराच्या विद्युत व यांत्रिक अभियांत्रिकीचे विद्यालयही याच शहरात आहे. अशा शहरावर युद्धकाळात शत्रूची नजर असणारच. 7 मे 2025 रोजी देशातील 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्यात आला. 1971 नंतर इतक्या व्यापक प्रमाणावर झालेला हा पहिलाच सराव होता. त्यासाठी केलेल्या वर्गवारीत गुजरातमधील सुरत, वडोदरा आणि काक्रापार ही ठिकाणे पहिल्या, म्हणजे सर्वांत संवेदनशील वर्गात होती. आपल्या राज्यातील मुंबई, उरण आणि तारापूर यांचा वर्गही तोच. तेव्हा वडोदऱ्यासंबंधी जे पुढे सांगितले आहे, ते रायगड किंवा पालघर जिल्ह्यातील वाचकाने आपल्यालाही लागू आहे असे समजून वाचावे.

कारखाने व लोहमार्ग हा संरक्षणाचा एक भाग झाला. ज्या माणसांनी त्यांचे संरक्षण करायचे, ती माणसे काही एका रात्रीत तयार होत नाहीत. या दृष्टीने सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीकडे पाहणे उद्बोधक ठरते. 1893 साली अमरेली तालुक्यातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 साली तो संस्थानभर लागू केला. मुलींचाही त्यात समावेश होता. 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्याच्या व गावच्या वाचनशाळा, आणि जेथे तेही शक्य नाही तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या अशी ती व्यवस्था होती.

युद्धाशी याचा काय संबंध, असा प्रश्न वाचक विचारतील. संबंध निकटचा आहे. युद्धकाळात शत्रूच्या विमानाआधी अफवा येते. पाण्यात विष कालविले, अमुक पूल उडाला, बँका बंद होणार, अशा वार्तांनी बाजार रिकामे होतात, रस्ते भरून जातात आणि रुग्णवाहिकेला वाट उरत नाही. ज्या गावात अधिकृत पत्रक वाचून दाखविणारा कोणी नाही, तेथे अफवेला अडविणारेही कोणी नसते. हल्ली वार्ता हातातील फोनवर येते, म्हणून धोका कमी झाला असे मानणे भाबडेपणाचे होईल. फरक इतकाच की, पूर्वी अफवा चावडीपर्यंत यायला संध्याकाळ होत असे, आता ती चहा उकळण्याआधी येते. मे 2025 मधील संघर्षाच्या दिवसांत जुनी व परदेशांतील चित्रे ताजी म्हणून सर्वत्र पसरविली गेली, हे सर्वांनी पाहिले आहे. वाचून, तपासून, मगच पुढे सांगण्याची सवय हे नागरी संरक्षणाचे पहिले साधन आहे आणि ते शाळेतच तयार होते.

शरीराच्या तयारीची परंपराही या शहरात मोठी आहे. जुम्मादादांच्या आखाड्यातून पुढे आलेले राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी आखाड्यातील एकट्याच्या व्यायामाला सांघिक कवायतीची जोड दिली आणि तिच्या आज्ञा आपल्याच भाषेत दिल्या. शेकडो मुलांनी एका आज्ञेसरशी एकत्र हालणे, थांबणे, रांग न मोडता पांगणे, हे दिसायला साधे असते. गर्दी बिथरते तेव्हा त्याचे मोल कळते. याच शहरातून द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला व्यायाम ज्ञानकोश मराठीत 10 खंडांत प्रसिद्ध झाला. आजच्या किती शाळांच्या कपाटात त्याचा एखादा तरी खंड आहे, हे मुख्याध्यापकांनी पाहावे.

स्त्रियांच्या सार्वजनिक कार्याचा विचार केल्यावाचून हा विषय अपुरा राहील. महाराणी चिमणाबाई यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय वडोदऱ्यात 1914 साली निघाले आणि घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना शिवणकामासारख्या उद्योगांतून मिळकत मिळू लागली. ते वर्ष पहिल्या महायुद्धाच्या आरंभाचे होते. 1927 साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी चिमणाबाईच होत्या. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन मेहता यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताचे प्रतिनिधित्व केले. 1948 च्या जाहीरनाम्यातील पहिल्याच कलमात सर्व ‘पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता, तो बदलून सर्व ‘मानव’ असा निःसंदिग्ध शब्द घालावा, हा त्यांचा आग्रह मान्य झाला. त्यानंतर आठच महिन्यांनी नागरिकांच्या संरक्षणाचा चौथा जिनिव्हा करार झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि, त्या काळी जगात कोणत्या दिशेने विचार चालला होता, हे त्यांवरून कळते.

युद्धकाळात नागरिक, आणि त्यातही स्त्रिया, काय करू शकतात याचे सर्वांत ठळक उदाहरण याच राज्यात, कच्छमध्ये घडले. डिसेंबर 1971 मध्ये भूजच्या विमानतळावर शत्रूने बाँबफेक केली आणि धावपट्टी निकामी झाली. विमाने असूनही ती उडू शकत नव्हती. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक हे मराठी अधिकारी होते. धावपट्टी दुरुस्त करण्यास पुरेसे मनुष्यबळ त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा जवळच्या माधापर गावातील सुमारे 300 स्त्रिया कामाला आल्या. अनेकींनी आपली लहान मुले शेजारणींच्या हवाली केली होती. त्यांनी खड्डे भरले, दगड वाहिले, काँक्रीटचे थर टाकले. वरून ओळखू येऊ नये म्हणून धावपट्टी शेणाने सारविली आणि अंगावर हिरवट रंगाच्या साड्या नेसल्या. भोंगा झाला की त्या आसऱ्याच्या चरांकडे व झुडपांकडे धावत आणि धोका टळल्याचा भोंगा होताच पुन्हा कामाला लागत. पहिल्या दिवशी खायलाही काही नव्हते, दुसऱ्या दिवशी मंदिरातून सुखडी व फळे आली, असे त्यांपैकी काहींनी पुढे सांगितले आहे. 72 तासांत धावपट्टी विमानोड्डाणास योग्य झाली.

या घटनेचे वर्णन करताना वीरश्रीपर शब्दांची खैरात केली जाते आणि मूळ मुद्दा मागे पडतो. या स्त्रियांना नवीन काही शिकविण्यात आले नव्हते. माती भरणे, दगड उचलणे आणि जमीन सारविणे ही त्यांची रोजची कामे होती. युद्धाने त्यांच्यापाशी तीच मागितली. दुसरे असे की, त्या गर्दी करून धावपट्टीवर आल्या नाहीत. विमानतळाच्या अधिकाऱ्यांनी मागणी केली, गावाने प्रतिसाद दिला, कामाची वाटणी झाली आणि भोंग्याचा अर्थ प्रत्येकीला ठाऊक होता. यांतील एक दुवा निखळला असता तर याच शौर्याची परिणती मोठ्या अपघातात झाली असती. प्रशासनातील वाचकांनी हा भाग अधिक बारकाईने अभ्यासावा.

लोकप्रतिनिधी हाही युद्धकाळात नागरिकच असतो. 19 सप्टेंबर 1965 रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता कच्छकडे विमानाने जात असता, पाकिस्तानी लढाऊ विमानाने त्यांचे छोटे विमान पाडले. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी, कर्मचारी, एक पत्रकार आणि विमानाचे चालक असे आठही जण मृत्युमुखी पडले. पंचायत राज्याची त्रिस्तरीय रचना सुचविणाऱ्या 1957 च्या समितीचे अध्यक्ष ते हेच. गावाचा कारभार गावाने करावा असा आग्रह धरणारा हा माणूस युद्ध चालू असताना सीमेलगतच्या भागाकडे निघाला होता. त्यांचे विमान पाडणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकाने 2011 साली, म्हणजे 46 वर्षांनी, त्या विमानाच्या भारतीय चालकाच्या कन्येला पत्र लिहून खेद व्यक्त केला. नागरी विमान आणि लष्करी विमान यांतील भेद ओळखण्यात झालेल्या चुकीला किती किंमत पडते, हे यावरून दिसते.

कारखान्यातील कामगाराविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण वडोदरा हे कामगारांचे शहर आहे. युद्धकाळात कामगाराने काय करावे, याचे उत्तर बहुतांशी असे आहे की, त्याने आपले काम नेटाने चालू ठेवावे. तेलाची टाकी, विजेचे उपकेंद्र, पाण्याचे पंप, दुधाची गाडी, रुग्णालयाची धुलाई, ही कामे थांबली तर बाँब न पडताही शहर हतबल होते. ही कामे चालू ठेवणाऱ्यांचे सत्कार होत नाहीत. परंतु आग लागली असता कोणती झडप आधी बंद करायची, हे त्या पाळीवरच्या माणसालाच ठाऊक असते. नोव्हेंबर 2024 मध्ये कोयलीच्या कारखान्यात बेन्झीनच्या टाकीला स्फोट होऊन आग लागली आणि दोघांचा मृत्यू झाला. तो शांततेचा काळ होता. युद्धकाळी अशी आग एकाच रात्री दोन-तीन ठिकाणी लागू शकते, हे गृहीत धरूनच कारखान्याची, नगराची आणि शेजारच्या गावांची अग्निशमन व्यवस्था एकमेकींशी बांधलेली असावी लागते.

नागरी संरक्षणाची एकूण 12 सेवांत विभागणी आहे. दळणवळण, अग्निशमन, सुटका, जखमींची शुश्रूषा, कल्याण, पुरवठा, अगदी मृतदेहांची व्यवस्था लावणे अशी कामे त्यांत येतात. सर्वांचे विवेचन येथे करीत नाही. त्यांपैकी वॉर्डन सेवा मात्र सामान्य वाचकाने समजून घेतली पाहिजे, कारण इतर सर्व सेवा तिच्या माहितीवर चालतात. साधारणपणे 10,000 वस्तीमागे एक वॉर्डन ठाणे असावे असा दंडक आहे. वॉर्डन म्हणजे त्याच वस्तीत राहणारा, लोकांचा विश्वास असलेला माणूस. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणत्या वाड्याचा जिना मोडका आहे, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. नवख्या सुटका पथकाला ढिगाऱ्यापुढे उभे राहून पहिला प्रश्न पडतो तो हा की, आत किती माणसे होती. त्याचे उत्तर वॉर्डनपाशी नसेल तर पथक अंधारात चाचपडते.

2009 साली नागरी संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नैसर्गिक व इतर आपत्तींमधील कामही त्यात अंतर्भूत झाले. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस वडोदऱ्याला त्याची प्रचीती आली. अतिवृष्टी झाली, सयाजीरावांच्या काळी बांधलेल्या आजवा सरोवराचे पाणी सोडावे लागले, आणि विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. लष्कर आणि आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आली. नदीतील मगरी घरांच्या अंगणांत शिरल्या, तेव्हा वनखात्याबरोबर स्वयंसेवकांनी त्या पकडून सुरक्षित ठिकाणी सोडल्या. हे काम वर्षानुवर्षांच्या सरावावाचून होणारे नाही. पुरात काय किंवा हवाई हल्ल्यात काय, पहिल्या काही तासांत शेजारी हाच मदतीचा हात असतो. सरकारी पथक पोहोचते ते त्यानंतर. ज्या गल्लीत माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, तेथे हे तास निभावतात. उंच इमारतींच्या नव्या वस्त्यांत समोरच्या दाराआड कोण राहते हे ठाऊक नसते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या शहरांचा सर्वांत मोठा कमकुवतपणा हाच आहे. तो दूर करणे कोणत्याही खात्याच्या परिपत्रकाने साधणार नाही.

शाळेत हा विषय शिकविताना व्याख्यानापेक्षा कृतीवर भर द्यावा. खालीवर होणारा भोंग्याचा सूर म्हणजे धोका आणि एकसारखा लांब सूर म्हणजे धोका टळला, हे मुलांना तोंडाने आवाज काढून ओळखायला लावावे. पुढे ती ते विसरत नाहीत. प्रकाशबंदी म्हणजे केवळ दिवा मालविणे नव्हे. 1971 साली मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावीत आणि मोटारींचे दिवे अर्धे रंगवीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी लिहून आणावे. रक्त वाहत असल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे, मोडलेले हाड हलू न देणे, भाजलेल्या जागी गार पाणी सोडणे, एवढे तर सातवीच्या विद्यार्थ्याला आले पाहिजे. खेड्यातील शाळांत गुराढोरांचा विचार विसरू नये. संकटात शेतकरी गोठ्यातील जनावर बांधलेले सोडून जायला तयार होत नाही आणि त्यात जीव गमावतो. दावे केव्हा सोडायचे आणि गुरे कोणत्या माळावर न्यायची, हे आधी ठरलेले असावे.

याखेरीज प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा किंवा वस्तीचा एक नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. त्यात विहिरी, हातपंप, उंच जागा, पक्क्या इमारती, विजेचा ट्रान्सफॉर्मर, आरोग्य उपकेंद्र, ट्रॅक्टर असलेली घरे, आणि चालता न येणारी माणसे असलेली घरे दाखवावीत. घरमालकाच्या संमतीवाचून कोणाच्या आजाराची नोंद करू नये. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक पोलिस पाटलाकडे ठेवावी, आणि दर जून महिन्यात नव्या मुलांची नावे पटावर चढतात तेव्हाच जुना नकाशा घरोघर फिरून दुरुस्त करावा.